चेहऱ्यामागची धूळ

रोझाल्बा कारिएरा हे नाव फोनवर शोधा आणि समोर येईल त्यातलं कुठलंही व्यक्तिचित्र उघडा. चेहरा बघू नका. टपोरे डोळे, गुलाबी गाल, पावडर लावलेले केस हे सगळं अंगठ्यानं बाजूला सरकवा आणि स्क्रीनवर फक्त डोक्यामागची जागा उरेल एवढं झूम करा. बहुतेक चित्रांत तिथे काहीच सापडणार नाही. खिडकी नाही, पडदा नाही, झाड नाही. करडा रंग, त्यात थोडा निळा, थोडा तपकिरी. एका बाजूला किंचित उजेड, दुसऱ्या बाजूला किंचित अंधार, आणि मधली सीमा कुठे आहे ते शोधून सापडत नाही.

अठराव्या शतकातल्या युरोपात राजांनी, बँकवाल्यांनी, गायिकांनी आणि व्हेनिसला मजा करायला आलेल्या श्रीमंत पोरांनी या अशा ‘काहीच नाही’समोर बसून आपली चित्रं काढून घेतली. चेहऱ्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यांच्या मागच्या जागेत रस आहे. ती धूसर जागा कशी तयार होते, ती कुणी रूढ केली, आणि ज्या कामाला इतकं कौशल्य लागतं त्याला ‘नाजूक’, ‘बायकी’, ‘हलकंफुलकं’ म्हणून मागच्या बाकावर का बसवलं गेलं, हा माझा प्रश्न आहे.

आधी खडूबद्दल, कारण ‘पेस्टल’ म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या दिवसांतली ऑइल पेस्टलची पेटी आठवते. ती गोष्ट वेगळी. तेल आणि मेण घातलेली ती चिकट कांडी १९२५ साली जपानच्या साकुरा कंपनीनं बाजारात आणली. आपण बोलतोय ते कोरडं पेस्टल तिच्यापेक्षा कित्येक शतकं जुनं आहे. रंगद्रव्याची बारीक पूड, तिच्यात पांढरी खडूची किंवा तसल्याच मातीची पूड, आणि हे सगळं कांडीच्या आकारात जेमतेम धरून ठेवेल एवढाच डिंक. हा डिंक बहुधा ट्रॅगाकँथ, म्हणजे उन्हाळ्यात सरबतात भिजवतात त्या कतिऱ्याचा भाऊबंद. सगळी मेख त्या ‘जेमतेम’मध्ये आहे. डिंक जास्त झाला तर कांडी कागद ओरखडते आणि रंग सोडत नाही. कमी झाला तर हातातच चुरा. शिवाय प्रत्येक रंगद्रव्याची भूक निराळी, त्यामुळे लालला जे प्रमाण चाललं ते निळ्याला चालेलच असं नाही. तैलरंगासारखे दोन रंग पॅलेटवर कालवून तिसरा करता येत नाही, म्हणून प्रत्येक छटेची वेगळी कांडी लागते. गंभीरपणे काम करणाऱ्या चित्रकाराच्या पेटीत शेकडो कांड्या असायच्या.

कागदावर उमटतो तो रंग म्हणजे अक्षरशः धूळ असते. कागदाच्या धाग्यांमध्ये अडकलेली, कशानंही न चिकटवलेली धूळ. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे रांगोळी. तिथेही रंग कोरडाच असतो, चिकटवायला काही नसतं, फक्त जमिनीचा खरखरीतपणा आणि आपलं वजन यांच्या भरवशावर तो तिथे थांबतो. दिवाळीच्या प्रदर्शनांत माणसांचे चेहरे काढणारे रांगोळीकार चेहऱ्याभोवतीचा रंग चिमटीनं टाकत नाहीत, गाळणीतून भुरभुरवतात. कारण चिमटीची रेघ दिसते, गाळणीतून पडलेला रंग नुसता पसरतो. पेस्टलवाल्यांकडे गाळणीऐवजी बोट होतं.

धूळ सैल राहण्याचा फायदा असा की ती उजळ दिसते. रंगाच्या कणांच्या मध्ये हवा असते. हवेतून कणात, कणातून परत हवेत असा प्रवास करताना प्रकाश दर वेळी थोडा विखुरतो, आणि त्यातला पुष्कळसा आपल्या डोळ्यांकडे परत येतो. पहिल्या पावसानंतर माती गडद का दिसते? कणांमधल्या हवेची जागा पाणी घेतं, विखुरणं कमी होतं आणि प्रकाश आत शोषला जातो. पेस्टलवर ते टिकवण्यासाठी डिंकाचं किंवा सरसाचं पाणी फवारलं की नेमकं हेच होतं. चित्र पक्कं होतं आणि त्याच वेळी मातकट होतं. फिक्सेटिव्हचा हा तिढा अठराव्या शतकात भल्याभल्यांना सुटला नाही. म्हणून चित्र तसंच सैल ठेवायचं आणि पुढ्यात काच लावायची, हा उपाय सर्वमान्य झाला.

आता बोटाकडे येऊ. शाळेत फळ्यावरचा खडू बोटानं पुसून ढग केला नाही असं कुणी नसेल. पेस्टलमध्येही तसंच होतं. बोट, तळहाताची कड, किंवा कागद अथवा चामड्याची गुंडाळलेली टोकदार वळी, म्हणजे स्टम्प, रंगावरून फिरवला की कण शेजारच्या कणांत मिसळतात. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हे सरासरी काढणं आहे. फोनमधला ब्लर प्रत्येक पिक्सेलची त्याच्या शेजाऱ्यांशी सरासरी काढतो, बोटही साधारण तेच करतं. पण बोट आणखी एक गोष्ट करतं, जी सॉफ्टवेअर करत नाही. ते कण कागदात खाली दाबतं. त्यांच्यातली हवा निघून जाते. म्हणजे घासलेला भाग मऊ तर होतोच, पण थोडा मंदही होतो, चमक गमावतो. पेस्टल शिकवणारे लोक ‘फार घासू नका, रंग मरतो’ असं बजावतात त्याचं कारण हे.

आणि इथेच ती मागची जागा उपयोगी पडते. पार्श्वभूमीचा रंग मेला तरी चालतो. किंबहुना थोडा मरायलाच हवा असतो. मागचं सगळं बोटानं घासून कागदात बसवायचं, आणि पुढच्या चेहऱ्यावर, खास करून नाकाच्या शेंड्यावर, ओल्या ओठावर, लेसच्या कडेवर, शेवटचे फटकारे अजिबात न घासता नुसते ठेवून द्यायचे. मग चेहरा पुढे येतो. दोन्हीकडे तोच खडू, कदाचित तीच छटा, फक्त एकीकडे धूळ दाबलेली आणि दुसरीकडे सैल. खोली दाखवण्यासाठी इथे दृष्टिक्रमाचा नियम लागत नाही, पोताचा फरक पुरतो. माझ्या मते पेस्टलमधल्या धूसर पार्श्वभूमीचं हे खरं तंत्र आहे, आणि ते आळसाच्या अगदी उलट आहे.

कोरड्या रंगाची ही पद्धत पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत कुजबुजीच्या स्वरूपात दिसते. ल्योनार्दो दा विंचीच्या टिपणांत एक नोंद आहे की, ज्याँ पेरेआल या फ्रेंच चित्रकाराकडून कोरड्या रंगकामाची रीत समजून घ्यायची आहे. हा पेरेआल १४९९ साली फ्रान्सच्या राजाबरोबर मिलानला आला होता. ल्योनार्दोनं त्याच सुमारास काढलेल्या इझाबेला देस्तेच्या रेखाचित्रावर पिवळ्या पेस्टलचे थोडे हात आहेत. चेहऱ्याच्या कडा धुरासारख्या विरवण्याची त्याची ‘स्फुमातो’ पद्धत त्याच्या तैलचित्रांत गाजली. खडूला मात्र पुढची दोनशे वर्षं बहुतेक चित्रकारांनी रेखाचित्रात थोडा रंग भरण्यापुरतंच ठेवलं.

ते चित्र ज्यांच्यामुळे बदललं, त्यांत सगळ्यात मोठं नाव एका बाईचं आहे.

रोझाल्बा कारिएराचा जन्म १६७३ सालचा, व्हेनिसचा. वडील सरकारी कारकून, आई लेस विणणारी. मुलगी आधी लेसच शिकली. मग तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांवर हस्तिदंतावरची लघुचित्रं काढू लागली, आणि त्यातच इतकी पुढे गेली की १७०५ मध्ये रोमच्या चित्रकारांच्या अकादमीनं तिला सदस्य करून घेतलं. तोपर्यंत तिच्या हातात खडू आला होता. तिच्या चित्रांतली लेस बघा. विणकाम करणाऱ्या बाईनं ती टाका टाका मोजून काढली असेल असं वाटतं, पण तसं नाही. घोटून मऊ केलेल्या गडद रंगावरून पांढरी कांडी आडवी करून हलकेच ओढली की कागदाच्या उंचवट्यांवर तेवढी धूळ बसते, खळगे रिकामे राहतात. झाली लेस. लेस म्हणजे मुळात भोकं कुठे ठेवायची याचं शास्त्र, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

व्हेनिसमध्ये तिला आणखी एक गोष्ट हाताशी मिळाली, ती म्हणजे निळा कागद. निळ्या चिंध्यांपासून बनणारा हा कागद व्हेनेशियन चित्रकार फार आधीपासून वापरत होते. तो मध्यम छटेचा असतो, ना फार उजळ ना फार गडद, आणि त्याचे धागे धूळ छान पकडून ठेवतात. त्यावर पातळसा करडा घासला की खालचा निळा मधूनमधून डोकावतो आणि हवा असल्यासारखं वाटतं. म्हणजे अर्धी पार्श्वभूमी कागदच रंगवून देतो.

हे सगळं सौंदर्यासाठी झालं असं म्हटलं तर अर्धंच खरं होईल. धंद्याचीही बाजू होती. इंग्लंडमधली श्रीमंत घरांतली मुलं शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून युरोप फिरायला निघत, आणि व्हेनिसचा कार्निव्हल हे त्यातलं एक ठरलेलं ठिकाण. त्यांना आठवण म्हणून स्वतःचं चित्र हवं असे, आणि मुक्काम थोडा असे. तैलरंग वाळायला वेळ लागतो, एकावर एक थर द्यायचे तर आठवडे जातात. खडूला वाळणं हा प्रकारच नाही. थोड्या बैठकांत चेहरा पुरा करायचा, पावडर लावलेला टोप आणि रेशमी कोट सवयीच्या हातानं उतरवायचा, मागे बोट फिरवायचं, काच लावून हातात द्यायचं. पार्श्वभूमीत त्याच्या इस्टेटीतली झाडं, खांब, कुत्रा काढत बसलं असतं तर हा धंदा चाललाच नसता. रोझाल्बानं लग्न केलं नाही. घर तिच्या कमाईवर चालत होतं, आणि बहीण जोव्हाना कामात मदतीला असायची. दोघींचं ते छोटंसं स्टार्टअपच होतं म्हणा ना.

बरं, ती मागची जागा दिसते तितकी एकसुरी नसते. चेहऱ्याची जी बाजू उजेडात आहे तिच्यामागे ती गडद असते, आणि जी बाजू सावलीत आहे तिच्यामागे उजळ. व्यक्तिचित्रांची ही जुनी युक्ती. रोझाल्बा तिच्यात भर घालते ती कडांची. केसांची कड कुठेच कापल्यासारखी दिसत नाही. पावडर लावलेले केस आणि मागचा करडा यांच्यामध्ये बोटभर रुंदीचा असा पट्टा असतो की तो केसांचा आहे की हवेचा, सांगता येत नाही. फोनमधला पोर्ट्रेट मोड इथेच मार खातो. फोन आधी माणसाची बाह्यरेषा ओळखतो, मग बाहेरचं सगळं ब्लर करतो, म्हणून कुरळ्या केसांच्या बटा अर्ध्या गायब होतात आणि चष्म्याच्या काडीभोवती विचित्र वलय येतं. त्याला रेषा लागते. रोझाल्बा आधी रेषाच विरवते आणि नंतर दोन-तीन बटा वरून ठेवते.

१७२० मध्ये पिएर क्रोझा या धनाढ्य संग्राहकाच्या बोलावण्यावरून ती पॅरिसला गेली आणि त्याच्याच घरी उतरली. वेळ विलक्षण होती. जॉन लॉ नावाच्या स्कॉटिश माणसानं उभ्या केलेल्या मिसिसिपी कंपनीचे शेअर आकाशाला भिडले होते, आणि त्याच वर्षी तो फुगा फुटला. तिची दुसरी बहीण अँजेला हिचा नवरा, चित्रकार पेलेग्रिनी, लॉच्या बँकेचं भव्य छत रंगवत होता. बँक बुडाली, आणि ते छत आज अस्तित्वात नाही. मेहुणीनं त्याच शहरात, त्याच महिन्यांत काढलेली धुळीची चित्रं मात्र टिकली आहेत. तिनं दहा वर्षांच्या राजाचं, पंधराव्या लुईचं, चित्र काढलं. १७२१ च्या सुरुवातीला आजारी वातोचं काढलं, तो त्याच वर्षी वारला.

ऑक्टोबर १७२० मध्ये फ्रान्सच्या राजेशाही अकादमीनं तिला सदस्यत्व दिलं. त्या अकादमीनं १७०६ मध्येच ठराव केला होता की यापुढे बायका घ्यायच्या नाहीत. तिच्यासाठी नियम वाकवला गेला, बदलला गेला नाही. सदस्यत्वाची रीत म्हणून तिनं नंतर व्हेनिसहून एक पेस्टल पाठवलं, अपोलोच्या परिवारातली एक अप्सरा. ते आता लूव्रमध्ये आहे.

ती परतली आणि पॅरिसला पेस्टलचं वेड लागलं. त्या वेडातून वर आलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे मॉरिस कांतां द ला तूर. ला तूरला पार्श्वभूमी रिकामी ठेवणं म्हणजे जणू हार मानणं वाटत होतं. खडूनं तैलरंगाची बरोबरी करून दाखवायची होती त्याला. १७५५ च्या प्रदर्शनात त्यानं मांडलेलं मादाम द पॉम्पादूरचं चित्र जवळजवळ पावणेदोन मीटर उंच आहे. कागदाचे अनेक ताव जोडलेले, आणि चेहरा वेगळ्या कागदावर काढून मग बसवलेला. मागे रंगवलेली भिंत, टेबलावर पृथ्वीगोल, ज्ञानकोशाचा खंड, पायाशी चित्रांची चळत. एवढ्या मोठ्या खडूच्या चित्रावर एवढी मोठी काच हवी, आणि ती शक्य झाली कारण सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये काचरस ओतून मोठे सपाट पत्रे बनवण्याची पद्धत निघाली होती. चित्रकलेच्या इतिहासात काच कारखान्यांना आणखी थोडी जागा मिळायला हवी असं मला नेहमी वाटतं.

पॉम्पादूरचं चित्र थक्क करतं हे खरंच. पण ला तूरच्या गावी, सँ-कांतँच्या संग्रहालयात, त्याची कच्ची कामं आहेत. मोठ्या चित्राआधी त्यानं कागदावर उतरवलेले नुसते चेहरे. भोवती काही नाही, थोडी घासलेली धूळ आणि मग कागद. ते चेहरे आत्ता काहीतरी बोलून थांबल्यासारखे वाटतात. टेबल, गोल, ज्ञानकोश यांच्या गर्दीत पॉम्पादूर थोडी फर्निचरसारखी होते. माझं मत विचाराल तर त्याच्या मोठ्या चित्रांपेक्षा या कच्च्या कामांत तो रोझाल्बाच्या जास्त जवळ आहे, आणि जास्त चांगलाही.

तिसरा मार्ग जिनिव्हाच्या ज्याँ-एतिएन लिओतारचा. त्याची ‘चॉकलेटवाली मुलगी’ (साधारण १७४४) तुम्ही बिस्किटाच्या डब्यांवर किंवा कोकोच्या जुन्या जाहिरातींत कधीतरी पाहिली असेल. ट्रेमध्ये चॉकलेटचा पेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन उभी असलेली मोलकरीण, मागे फिकट, रिकामी भिंत. चर्मपत्रावर काढलेल्या त्या भिंतीत एकही फटकारा दिसत नाही. निसर्गात फटकारे नसतात तर चित्रात का असावेत, असा त्याचा हट्ट होता आणि म्हातारपणी १७८१ मध्ये पुस्तक लिहून त्यानं तो जाहीरही केला. म्हणून त्यानं चेहराही भिंतीइतकाच गुळगुळीत ठेवला. मगाशी मी म्हटलं की खोली पोताच्या फरकातून येते. लिओतार तो फरकच ठेवत नाही, आणि तरीही मुलगी उभी राहते, कारण त्यानं ॲप्रनच्या एकेक घडीचा उजेड मोजून दिलाय. मी त्याच्यापुढे टोपी काढतो, पण ते चित्र मला किंचित हवाबंद वाटतं.

मजेची गोष्ट अशी की, ही चॉकलेटवाली आणि रोझाल्बाच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा साठा ड्रेस्डेनमध्ये एकाच संग्रहालयात आहे. सॅक्सनीच्या तिसऱ्या ऑगस्टसनं रोझाल्बाची दीडशेहून अधिक पेस्टल्स जमवली होती, त्यातली सत्तरहून जास्त आजही तिथे आहेत. पण पेस्टल प्रवासाला घाबरतं. ट्रकच्या हादऱ्यानं धूळ सुटते. उजेडालाही घाबरतं, म्हणून अशी नाजूक कामं साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात आणि तीही थोडा काळच टांगतात. तुम्ही-आम्ही ही चित्रं बघणार ती फोनवरच.

आणि फोन नेमकी पार्श्वभूमीच खातो. जेपेग फाइल चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे करते आणि प्रत्येक ठोकळ्यातले बारीक, भरभर बदलणारे तपशील आधी टाकून देते, कारण माणसाच्या डोळ्याला ते फारसे जाणवत नाहीत असं तिचं गणित आहे. चेहऱ्यावर डोळे, भुवया, ओठ अशा ठळक गोष्टी असतात, त्या वाचतात. मागच्या करड्यात मात्र जे काही आहे ते बारीकच आहे. कागदाचा धागा, त्यात अडकलेला निळा कण, बोटाच्या फिरण्याची दिशा. अल्गोरिदमच्या लेखी हा सगळा कचरा. त्यामुळे फाइल लहान होते आणि रोझाल्बाची हवा प्लॅस्टिकच्या पडद्यासारखी दिसू लागते. म्हणून शक्य असेल तर संग्रहालयानं दिलेली सगळ्यात मोठी फाइल उघडा. फॉरवर्ड होऊन आलेल्या प्रतीवरून या चित्रांबद्दल मत बनवू नका.

जेपेग यायच्या दोनशे वर्षं आधी लोकांनी तेच केलं होतं, म्हणजे हे सगळं अनावश्यक ठरवून टाकून दिलं होतं. पेस्टल हा मेकअप आहे, ही टीका जुनी. ती अगदीच हवेतली नव्हती. गालाला लावायची लाली आणि खडूतला लाल यांत काही रंगद्रव्यं एकच होती, केसांना लावायची पावडर आणि पेस्टलची धूळ ही तर दिसायलाच बहिणी. पण या तुलनेतून निष्कर्ष असा काढला गेला की हे माध्यम वरवरचं आहे, बायकांना शोभणारं आहे, फारशा मेहनतीचं नाही. तैलरंगाचा वास नाही, घाण नाही, दिवाणखान्यात बसून करता येतं, म्हणून हौशी मुलींनी करावं. १७७० मध्ये पॅरिसच्या अकादमीनं एका वेळी चारच बायका सदस्य असाव्यात असं ठरवलं. ला तूरकडे पेस्टल शिकलेली अदेलाईद लाबिय-गियार १७८३ मध्ये त्या चारांत पोहोचली, आणि तिनं अकादमीपुढे ठेवलेल्या कामांत शिल्पकार पाजूचं पेस्टल होतं. त्यात पाजू बाह्या सरसावून मातीचा अर्धपुतळा घडवतोय. मागे साधी काळोखी जागा. नाजूक म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये असं काम आहे ते.

नंतर फ्रेंच क्रांती झाली आणि पावडर लावलेल्या केसांबरोबर ते केस रंगवणारं माध्यमही बदनाम झालं. नव्या काळाला कडक बाह्यरेषा हव्या होत्या, रोमन सैनिक हवे होते. धूसर म्हणजे दुबळं असं समीकरण तेव्हा जे पक्कं झालं ते बराच काळ तसंच राहिलं. रोझाल्बाचं नाव अनेक इतिहासांत एका ओळीत उरकलं जाऊ लागलं, तेही बहुतेक वेळा तिनं ज्यांची चित्रं काढली त्यांच्या यादीसकट.

पेस्टलच्या इतिहासात डोळ्यांचं दुखणं फार वेळा येतं. शार्दां आयुष्यभर तैलरंगात भांडी-फळं रंगवत आला. सत्तरीत त्याच्या डोळ्यांना तैलरंग सोसेनासे झाले म्हणून त्यानं खडू घेतला, आणि १७७१ आणि १७७५ मध्ये चष्मा लावलेली स्वतःची चित्रं काढली. त्यात तो काही घासत बसत नाही, गालावर निळ्या-हिरव्या रेघा तशाच उघड्या ठेवतो. रोझाल्बाचे डोळे तर पूर्ण गेले. १७४६ च्या आसपास मोतीबिंदूनं तिला दिसेनासं झालं. शस्त्रक्रिया झाल्या, काही काळ थोडं दिसलं, मग पुन्हा अंधार. १७५७ मध्ये ती वारली तेव्हा कित्येक वर्षं ती पूर्ण अंध होती. दृष्टी जाण्याच्या सुमाराचं तिचं शेवटचं आत्मचित्र व्हेनिसच्या अकादमीत आहे. डोक्यावर पानांचा मुकुट, ओठ मिटलेले, हसण्याचा प्रयत्नही नाही. इंग्लिश पोरांच्या मागे ती जो चंदेरी करडा ठेवायची तो इथे नाही. मागे गडद तपकिरी आहे, आणि खांदे त्यात जवळजवळ बुडाले आहेत.

शंभरेक वर्षांनी खडू पुन्हा उचलला तो एदगार देगानं, आणि त्याचीही दृष्टी अधू होत चालली होती. देगा घासून थांबत नसे. एक थर, त्यावर फिक्सेटिव्ह, त्यावर दुसरा थर, मध्येच वाफ देऊन खडूचा लगदा करायचा आणि तो कुंचल्यानं फिरवायचा. लुइजी कियालिव्हा या इटालियन चित्रकार मित्रानं त्याला एक फिक्सेटिव्ह करून दिलं होतं, ज्यानं रंग फारसा मरत नसे. त्याच्या नर्तिकांमागचे रंगमंचावरचे पडदे म्हणजे धूसर पार्श्वभूमीची दुप्पट मजा आहे, कारण ते पडदे मुळातच कुणीतरी लांबून बघण्यासाठी ढोबळ रंगवलेले, आणि देगा ते आणखी ढोबळ करतो.

१८९० च्या शरद ऋतूत तो एका मित्राबरोबर घोडागाडीतून पॅरिसहून बरगंडीला गेला. मुक्कामाच्या घरी छपाईचं यंत्र होतं. तिथे त्यानं धातूच्या पत्र्यावर तैलरंग लावून, चिंधीनं आणि बोटांनी तो पुसून, वाटेत पाहिलेली टेकड्या-शेतं आठवणीतून काढली आणि कागदावर छापली. त्यावर मग पेस्टल. चालत्या गाडीतून दिसतं तसंच ते सगळं आहे, कोकण रेल्वेच्या खिडकीतून करबुडे बोगद्यानंतर अचानक दिसावं तसं, नीट बघेपर्यंत निघून गेलेलं. एक हिरवा उतार, एक जांभळट सावली, आभाळ कुठे सुरू होतं ते नक्की नाही. १८९२ मध्ये पॅरिसला द्युराँ-र‍्युएलच्या दालनात त्यानं ही निसर्गचित्रं मांडली, तेव्हा नर्तिका आणि घोडे बघायला सरावलेले लोक चक्रावले. रोझाल्बा जे डोक्यांच्या मागे ठेवायची तेवढंच या कागदांवर आहे, पुढे कुणी बसलेलं नाही. त्याच्या काही मोनोटाइपांवर, रंग पुसला तिथे, त्याच्या बोटांचे ठसे अजून दिसतात.